वाफेचा करार

शेवगाव तालुक्याची उत्तर सीमा गोदावरी आखून देते. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि या सीमेवरच नाथसागर पसरला. तालुक्यातल्या कित्येकांच्या जमिनी त्यात गेल्या. ज्यांच्या उरल्या त्यांच्या विहिरींना आणि उपसा योजनांना पाणी आले. कापूस, तूर आणि ज्वारीच्या या मुलखात नदीकाठचा पट्टा उसाखाली आला. आज इथला ऊस चार दिशांना जातो. तालुक्यातच नजीक बाभूळगावला गंगामाई हा खाजगी कारखाना आहे, बोधेगावला केदारेश्वर सहकारी आहे. नेवासे तालुक्यात भेंड्याला ज्ञानेश्वर आणि पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर, हे दोघे शेजारी.

दसऱ्याच्या आसपास या कारखान्यांमध्ये बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी टाकली जाते आणि हंगाम सुरू होतो. त्यानंतर चार-पाच महिने गावोगावच्या पारावर गाळप किती झाले, उतारा किती बसला, पहिली उचल किती मिळणार, याचीच चर्चा चालते. वाफेचा विषय कुणी काढत नाही. वास्तविक साखर कारखाना म्हणजे वाफेवर चालणारा उद्योग. ही वाफ वाचवावी म्हणून सरकार आणि कारखानदारी यांच्यात जो सौदा झाला, तो महाराष्ट्रातल्या ऊर्जाबचतीच्या इतिहासातला सर्वांत मोठा स्वेच्छा करार आहे, असे माझे मत आहे. त्याला कुणी त्या नावाने ओळखत नाही इतकेच.

स्वेच्छा करार ही कल्पना समजायला सोपी आहे. उद्योगाने अमुक वर्षांत अमुक इतकी ऊर्जा वाचवण्याचा शब्द द्यायचा. सरकारने त्या बदल्यात काही द्यायचे: करात सवलत, स्वस्त कर्ज, खरेदीची हमी, किंवा नवा कडक कायदा न आणण्याचे आश्वासन. दंडुका म्यानात ठेवून केलेला हा व्यवहार असतो. उद्योगांना तो आवडतो, कारण बचत कुठे आणि कशी करायची हे त्यांचे त्यांना ठरवता येते. सरकारलाही तो सोयीचा वाटतो, कारण प्रत्येक भट्टीपाशी निरीक्षक उभा करणे कोणत्याच सरकारला जमत नाही.

युरोपात या वाटेने जाणाऱ्यांत नेदरलँड्स पुढे होता. १९९२ पासून तिथे एकेका उद्योगक्षेत्राशी दीर्घ मुदतीचे करार झाले. १९८९ च्या तुलनेत २००० सालापर्यंत ऊर्जा कार्यक्षमता २० टक्के वाढवायची, असे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात २२.३ टक्के गाठले गेले. डेन्मार्कने १९९६ मध्ये कर आणि करार यांची गाठ मारली. कार्बन कर सर्वांना लागू, पण जो कारखाना ऊर्जा लेखापरीक्षण करून बचतीचा करार करील त्याला त्यात सूट. ब्रिटनने २००१ मध्ये हेच सूत्र उचलले आणि करार पाळणाऱ्यांना हवामान बदल शुल्कात सुरुवातीला ८० टक्के सवलत दिली. जर्मनीच्या उद्योगांनी १९९५ मध्ये, तर जपानच्या केइदानरेन या उद्योगसंघटनेने १९९७ मध्ये आपणहून संकल्प जाहीर केले. या सगळ्यांवर पुढे भरपूर वाद झाले. टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, उद्योगांनी जे तसेही केलेच असते त्यालाच उद्दिष्ट म्हणून मिरवले. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच डेन्मार्कची पद्धत मला जास्त भक्कम वाटते: मागे कर उभा, पुढे सवलत, आणि मध्ये बाहेरच्या माणसाने केलेली तपासणी.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. महाराष्ट्रात या कायद्याची जबाबदारी महाऊर्जा या राज्य संस्थेकडे आली. ब्यूरोने सुरुवातीला सक्तीपेक्षा सहमतीचा मार्ग धरला. फ्रिज आणि ट्यूबलाइटवरची ताऱ्यांची चिठ्ठी आठवा. २००६ मध्ये ती आली तेव्हा ऐच्छिक होती. कंपन्यांनी स्वतःहून लावायची. लोक तारे मोजून खरेदी करू लागले, कंपन्यांना सवय झाली, आणि जानेवारी २०१० पासून काही उपकरणांसाठी ती सक्तीची झाली. ऐच्छिक काळात मोजमापाची पद्धत बसली नसती तर सक्तीची अंमलबजावणी झालीच नसती.

या कायद्याच्या अनुसूचीत जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांची यादी आहे. त्यात सिमेंट, लोखंड, कागद यांच्याबरोबर साखरही आहे. मात्र २०१२ साली 'पॅट' योजनेखाली बंधनकारक उद्दिष्टे लावण्याची वेळ आली तेव्हा पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने घेतले गेले, आणि साखरेचा त्यात समावेश नव्हता. म्हणजे कायद्याने साखरेचे नाव घेतले, पण चाबूक तिच्यापर्यंत पोहोचला नाही. तरीही याच काळात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची ऊर्जा वापरण्याची रीत मुळापासून बदलली. ती कशाने बदलली हे पाहायचे तर आधी बॉयलर हाऊसमध्ये जायला हवे.

एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. त्यातले निम्मे वजन पाण्याचे असते. हा ओला भुसा बॉयलरमध्ये जातो आणि त्याची वाफ होते. १९५० च्या डिसेंबरअखेर प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले, ते बहुतेक दिवसाला १,२५० टन गाळपाचे. त्यांचे बॉयलर कमी दाबाचे असत, चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास. त्या काळच्या आखणीत एक गोष्ट गृहीतच होती: बगॅस संपला पाहिजे. तो विकायचा तर कागद गिरणी जवळ हवी. साठवायचा तर ढिगाला आग लागण्याची धास्ती, आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर भुसा आसपासच्या वस्त्यांवर उडणार. मग कार्यक्षम बॉयलर घेऊन करायचे काय? हंगाम संपताना भुसाही संपला म्हणजे इंजिनिअर निश्चिंत. वाफ ढिसाळपणे वापरणे हा त्या व्यवस्थेत दोष नव्हता, ती सोय होती. उसाच्या वजनाच्या ५० ते ५५ टक्के वाफ लागणे ही तेव्हाची सर्वसाधारण बाब होती.

खरे तर ती वाफ दोनदा राबू शकते. दाब वाढवून ६७, ८७ किंवा ११० किलोपर्यंत नेला आणि वाफ आधी टर्बाइनमधून सोडली की ती वीज देते. टर्बाइनमधून कमी दाबाने बाहेर पडलेली तीच वाफ रस आटवायला पुरते. मग जेवढी वाफ रस आटवताना वाचेल तेवढा बगॅस उरेल आणि त्याची वीज बाहेर विकता येईल. हे शास्त्र सगळ्यांना माहीत होते. अडत होते ते एवढेच की त्या विजेला खात्रीचा गिऱ्हाईक नव्हता.

केंद्राने १९९४ मध्ये बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तरी महाराष्ट्रात गाडी हलली ती राज्य वीज नियामक आयोगाच्या १६ ऑगस्ट २००२ च्या आदेशाने. बगॅसच्या विजेला युनिटला ३ रुपये ५ पैसे दर, दर वर्षी त्यात ठरलेली वाढ, आणि १३ वर्षांचा खरेदी करार. कारखान्यांवर कुणी सक्ती केली नव्हती. जुन्या बॉयलरवर ऊस गाळत राहण्याची त्यांना पूर्ण मुभा होती. पण तेरा वर्षांचा दर लिहून मिळाल्यावर बँकेच्या दारात उभे राहता येऊ लागले. २००८ च्या राज्य धोरणाने बगॅस सहवीजनिर्मितीसाठी १,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले. सहकारी कारखान्यांना भागभांडवलात सरकारचा हातभार मिळाला, साखर विकास निधीतून कर्ज मिळाले, प्रकल्प उभारणाऱ्यांना ऊस खरेदी करात माफी मिळाली. ज्या कारखान्यांची स्वतः कर्ज काढण्याची ऐपत नव्हती त्यांच्यासाठी 'ऊर्जांकुर' निधी निघाला. वारणा आणि शिरोळचा दत्त यांचे प्रकल्प त्यातून झाले. पुढच्या काही वर्षांत हजार मेगावॅटचा टप्पा मागे पडला आणि २०१५ च्या धोरणात आणखी हजार मेगावॅटचे उद्दिष्ट आले. गंगामाई असो की ज्ञानेश्वर, शेवगावच्या उसावर चालणाऱ्या कारखान्यांच्या आवारात आज साखरेच्या जोडीला सहवीजनिर्मिती दिसते ती या धोरणाच्या काळातली.

आता वाफ वाचते कशी, ते जवळून पाहू. इव्हॅपोरेटर म्हणजे ओळीने उभी असलेली चार-पाच बंद भांडी. कारखान्यात त्यांना 'बॉडी' म्हणतात. पहिल्या बॉडीत बाहेरून वाफ देतात. तिथे रस उकळून जी वाफ निघते ती दुसऱ्या बॉडीला गरम करते, दुसरीची तिसरीला. शेवटच्या बॉडीत निर्वात असल्यामुळे रस साठ अंशांच्या आसपासही उकळतो. एक किलो वाफ घालून चार-पाच किलो पाणी उडवण्याची ही करामत १९ व्या शतकातच नॉर्बर्ट रिलिए या अमेरिकी इंजिनिअरने साधली होती. त्याची आई मुक्त कृष्णवर्णीय स्त्री होती, पण ज्या लुइझियानात त्याने हे यंत्र उभे केले तिथे ऊसही गुलामच तोडत होते.

आपल्या कारखान्यांत बॉडी पहिल्यापासून होत्या. बदलली ती मधली वाफ काढून घेण्याची पद्धत. पूर्वी रस तापवायला आणि साखर शिजवणारे पॅन चालवायला पहिल्या प्रतीची वाफ वापरत. आता कच्चा रस चौथ्या-पाचव्या बॉडीच्या, म्हणजे जवळजवळ निकामी झालेल्या वाफेवर तापवतात आणि पॅनना दुसऱ्या-तिसऱ्या बॉडीची वाफ देतात. मिलचे रोलर फिरवायला पूर्वी लहान वाफेचे टर्बाइन असत, ते फार वाफ खात. त्यांच्या जागी विजेच्या मोटारी आल्या. उसात ७० टक्के पाणीच असते. ते रस आटवताना गरम कंडेन्सेट होऊन हाती येते. त्याची उष्णता पूर्वी वाया जाई, आता तीही रस तापवायला घेतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २००३ मध्ये सतरा प्रदूषक उद्योगांशी मिळून एक सनद केली होती. तीही स्वेच्छेचीच. त्यात साखर कारखान्यांनी सांडपाणी टनामागे १०० लिटरपर्यंत उतरवण्याचे मान्य केले होते. पाण्याची ती काटकसर आणि वाफेची ही काटकसर शेवटी एकाच पाइपात येऊन मिळतात.

हिशेब करून पाहा. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरा. उसाच्या ५० टक्के वाफ लागत असेल तर ती झाली २,५०० टन. ४० टक्क्यांवर आणली तर २,०००. रोज ५०० टन वाफ वाचली. एक टन बगॅसपासून सव्वादोन टनांच्या आसपास वाफ होते, म्हणजे रोज सुमारे २२५ टन बगॅस हाती राहिला. दीडशे दिवसांच्या हंगामात हा आकडा ३३ हजार टनांच्या पुढे जातो. एवढे इंधन कुठल्याही खाणीतून खणावे लागले नाही, रेल्वेने आणावे लागले नाही. ते तालुक्याच्याच शेतात पिकले होते आणि पूर्वी नुसते संपवले जात होते.

हे सगळे मोजले जाते म्हणून करार टिकला. कारखान्याच्या उपकेंद्रात, जिथून वीज महावितरणच्या किंवा महापारेषणच्या वाहिनीत शिरते, तिथे सीलबंद मीटर असतो आणि शेजारी पडताळणीसाठी दुसरा. महिन्याचा हिशेब करताना दोन्ही बाजूंची माणसे मिळून वाचन घेतात, कागदावर सह्या होतात आणि त्यावर बिल निघते. 'आम्ही ऊर्जा वाचवली' असे कारखान्याने वेगळे सांगायची गरज उरत नाही. वाचवलेली वाफ वीज होऊन त्या मीटरमधून गेली असेल तर पैसे मिळतात, नसेल तर नाहीत. नुसत्या संकल्पपत्रांत नेमका हाच दुवा गहाळ असतो. उद्योजकांनी सभागृहात सह्या केलेली पत्रके मी वाचली आहेत. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही, पण त्या शब्दांना जोडलेले मीटर नव्हते.

महाराष्ट्रात उद्योग आणि वीजमंडळ यांच्यातल्या समजुतीचे आणखी एक उदाहरण याच काळातले आहे. २००५-०६ मध्ये राज्यात भारनियमनाचा कहर होता. शेवगावसारख्या ग्रामीण भागाने ते दिवस अंधारात काढले. पिकाला रात्री-अपरात्री पाणी द्यावे लागे. त्यावर महावितरणने 'अक्षय प्रकाश' योजना आणली. संध्याकाळी मोटारी आणि गिरण्या चालवणार नाही असे गावाने ठरवायचे, आणि त्या बदल्यात घरोघरी दिव्याला वीज मिळवायची. पुण्यात वेगळी तोड निघाली. तिथल्या कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे पडून होती. शहराची तूट ९० मेगावॅटच्या आसपास. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपली जनित्रे चालवायची आणि तेवढी ग्रिडची वीज शहराला सोडायची, असे ठरले. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी विश्वासार्हता आकारातून भरायचा. नियामक आयोगाच्या मान्यतेने जून २००६ पासून हे सुरू झाले आणि पुण्याचे भारनियमन थांबले. यात ऊर्जा वाचली असे म्हणता येणार नाही. महागडे डिझेल जाळूनच दिवे लागले. शिवाय ज्यांना जादा पैसे मोजणे परवडते त्यांनी अंधारातून सुटका करून घेतली, हा खेड्यांचा राग खोटा नव्हता. पण दर, मोजमाप आणि आयोगाची नजर या तिन्ही गोष्टी असतील तर उद्योग शब्द पाळतो, एवढे पुण्याने दाखवून दिले.

साखरेच्या सौद्यात पुढे ताण आला तो सरकारच्या बाजूने. नवीकरणीय विजेच्या सक्तीच्या खरेदीमुळे महावितरणला बगॅसची वीज घ्यावी लागत होती आणि ठरावीक दर वाढत वाढत सहा रुपयांच्या पुढे गेला होता. तोवर सौर वीज झपाट्याने स्वस्त झाली. २०१७ नंतर ठरावीक दराची जागा स्पर्धात्मक निविदांनी घेतली आणि नव्या करारांचा दर पाच रुपयांच्या आत आला. महावितरणची बाजू समजण्यासारखी आहे, तिचा बोजा अखेर ग्राहकांवरच पडतो. पण कारखान्यांनी सहा रुपये गृहीत धरून कर्जे काढली होती, आणि जुन्या करारांची मुदतही एकेक करून संपत होती. दरम्यान इथेनॉलचा भाव केंद्राने ठरवून दिला आणि कारखान्यांचा ओढा तिकडे वळला. आसवनीलाही वाफ लागते. म्हणजे साखरेच्या बाजूला जपून वाचवलेली वाफ आता इथेनॉलकडे जाऊ लागली. २०२४ मध्ये राज्य सरकारने सहवीजेला युनिटमागे दीड रुपया अनुदान, तेही एकूण दर सहा रुपयांपर्यंत आणण्यापुरते, जाहीर केले. त्याची मुदत एक वर्षाची होती. बॉयलर वीस-पंचवीस वर्षांसाठी घेतला जातो. एका वर्षाच्या अनुदानावर कुणी तो बदलत नाही.

म्हणून दुसऱ्या करारात काय असावे यावर विचार व्हायला हवा. २००२ च्या करारात फक्त विकलेल्या विजेला पैसे होते. कारखान्याने वाफ किती टक्क्यांवर आणली याची त्यात नोंदच नव्हती. नुसता मोठा बॉयलर घेऊन जास्त बगॅस जाळणारा आणि काटेकोरपणे वाफ वाचवणारा, दोघांना दर एकच. पुढच्या खेपेला उसावरील वाफेचे प्रमाण वर्षागणिक उतरवण्याचे उद्दिष्ट करारात लिहावे आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेकडून त्याची तपासणी व्हावी. जो उद्दिष्ट गाठेल त्याला दीर्घ मुदतीचा दर मिळावा. सौर वीज संध्याकाळी मावळते आणि बगॅस रात्रभर जळतो. त्यामुळे रात्रीच्या युनिटला दिवसापेक्षा जास्त भाव देणेही न्याय्य ठरेल.

या व्यवहारात तिसरा पक्षही आहे, ऊस घालणारा शेतकरी. २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थ मिळून होणाऱ्या उत्पन्नातले ७० टक्के, किंवा एकट्या साखरेच्या किमतीचे ७५ टक्के, उसाला द्यावेत असे सुचवले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दर विनियमनाचा कायदा करून हे सूत्र घेतले. त्यानुसार बगॅसही दराच्या हिशेबात येतो, आणि वाफ वाचली की बगॅस वाचतो. तरी ऊस परिषदांमध्ये घोषणा उताऱ्याच्या आणि पहिल्या उचलीच्या होतात. वाफेचा उल्लेख तिथे मी आजवर ऐकलेला नाही.

सहकारी कारखान्याच्या सभासदाच्या घरी दर वर्षी वार्षिक अहवाल येतो. ताळेबंदाच्या मागेपुढे तांत्रिक माहितीचे पान असते. त्यावर गाळप, उतारा, बंद काळाचे तास यांच्याबरोबर उसावरील वाफेचे प्रमाण आणि बगॅसची बचत या ओळी शोधाव्यात, गेल्या वर्षीच्या अहवालातल्या त्याच ओळींशी ताडून पाहाव्यात, आणि आकडा चढला असेल किंवा ती ओळच छापलेली नसेल तर सर्वसाधारण सभेत उभे राहून चीफ इंजिनिअरना कारण विचारावे.